आठवं बोट

पाळकसाहेब, तुम्ही खोटं बोललात. तेही कबरीच्या काठावर उभं राहून, पांढरा झगा घालून, दोन्ही हात वर करून. "प्रभूनं आपल्या भावाला बोलावून घेतलं," म्हणालात. प्रभूनं नाही बोलावलं त्याला. मुकादमानं बोलावलं. "ए भोंग्या, पहार घे आणि उतर खाली," असं बोलावलं. प्रभू कसा बोलावतो ते मला माहीत नाही. मुकादम असाच बोलावतो, ते मात्र मी सोळा वर्षं ऐकत आले आहे.

पेटी उचलली तेव्हा चौघांनी एकमेकांकडे बघितलं. माझा दीर अंगानं दांडगा होता. त्याला खांद्यावर घ्यायचं तर चौघांची कंबर मोडली असती. पेटी तर दोघांनीही नेली असती. त्याचं जेवढं सापडलं तेवढं आत होतं, आणि वजन यावं म्हणून मुकादमाच्या माणसांनी दोन दगड घातले होते. उतारावर दगड पेटीत सरकले. तो आवाज तुम्ही ऐकलात, कारण लगेच तुम्ही गाण्याचा सूर वर नेलात.

आता सगळं क्रमानं सांगते. तुम्हाला माहीत आहेच. तरीही सांगते.

आमचं घर म्हणजे खाणीच्या उतारावरच्या पत्र्याच्या दोन खोल्या. आत माझा नवरा, मी, सासू आणि दीर. मी खडी फोडते. एक दगड खाली, एक मांडीशी, हातात हातोडा. पावडर नाकात, डोळ्यांत, भाकरीत. नवरा सुरुंगवाला. दगडात भोकं पाडून घ्यायची, दारू ठासायची, वाती लावायच्या, पेटवायच्या आणि पळायचं. प्रत्येक वात आधीच्यापेक्षा वीतभर लांब ठेवायची, म्हणजे बार एकदम उडत नाहीत, एकामागून एक उडतात. आणि उडतात तसे मोजायचे. आठ लावले तर आठ ऐकू आले पाहिजेत. सात ऐकू आले तर एक बार आत जिवंत आहे. मग दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत खड्ड्यात कुणी उतरायचं नाही. मालक आला तरी नाही, मालकाचा बाप आला तरी नाही. खाणीत बाकी कसलाही कायदा नाही. हा एकच आहे.

बार लावायच्या आधी ओरडून सगळ्यांना हटवायचं काम दिराचं. खाणीचा भोंगा बिघडला होता, तो कुणी दुरुस्त केलाच नाही, कारण दिराचा आवाज त्याच्यापेक्षा लांब जायचा. म्हणून त्याचं नाव भोंगा. प्रार्थनामंदिरातही तो शेवटच्या बाकावरून गायचा आणि पहिल्या बाकावरच्या बायका कान झाकायच्या. तुम्हीच एकदा म्हणाला होतात, "बाळा, प्रभू बहिरा नाही." तो म्हणाला होता, "साहेब, माझी आई आहे ना. तिच्यासाठी गातो."

सासूचे कान खाणीनंच नेले. तीस वर्षं तिनं खडी फोडली. आता तिला ओरडलेलं कळत नाही, पण ती घरी एकटी थांबत नाही. रोज माझ्या शेजारी येऊन बसते. बार उडायच्या वेळी आम्ही बायका जुन्या दगडी भिंतीआड जातो, तेव्हा ती तळवा जमिनीवर ठेवते आणि दुसऱ्या हाताची बोटं एकेक करून उघडते. आम्ही हसायचो. बायका म्हणायच्या, "म्हातारी जमिनीची नाडी बघते."

आता नवऱ्याचं. लपवण्यात अर्थ नाही, सगळ्यांना माहीत आहे. पाच वर्षांपूर्वीपर्यंत त्याचा हात आधी चालायचा, तोंड नंतर. माझे वरचे दोन दात त्यानं पाडले आहेत. एका ड्रायव्हरचा जबडा त्यानं असा फोडला की तो माणूस दोन महिने नळीनं प्यायला. मग तुमच्याकडे गेला, बाप्तिस्मा घ्यायला पाण्यात उतरला, वर आला. मी म्हटलं, बघू किती दिवस टिकतंय. टिकलं. राग आला की तो दोन्ही हात काखेत दाबून धरायचा, घट्ट, शिरा फुगेपर्यंत, आणि ओठ हलवत उभा राहायचा. भोंगा म्हणायचा, "वहिनी, गप. दादानं हात कुलपात घातले." मी भाजी करपवली, हात कुलपात. मुकादमानं शिवी दिली, हात कुलपात. पाच वर्षांत त्यानं मला बोट लावलं नाही. हे तुमच्या शिकवणीनं झालं. ते मी नाकारत नाही. तुमच्यावर मी उगाच चिडलेली नाही, हे कळावं म्हणून सांगते.

मुकादमही त्याच पाण्यात उतरलेला. तुम्ही त्याला मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी केलंत. रविवारी प्रभुभोजनाचा प्याला तो फिरवतो. सोमवारी काठी तोच फिरवतो.

त्या गुरुवारी नवा खड्डा उघडला होता. तीन बाजूंनी उभा कातळ, चौथी बाजू गाड्यांना मोकळी. रस्त्याच्या कामाला खडी हवी होती, क्रशर दोन दिवस रिकामा फिरत होता, गाड्यांची रांग फाटकापर्यंत लागली होती. मालकानं मुकादमाला फोनवर काय झापलं ते आम्हाला खालीपर्यंत ऐकू आलं. आणि मुकादमानं तुम्हाला बोलावलं. नव्या खड्ड्यासाठी प्रार्थना करायला. तुम्ही आलात. पायात पॉलिश केलेले बूट होते. धूळ बसू नये म्हणून तुम्ही दगडावरून दगडावर पाय टाकत होतात. भोंग्यानं तुम्हाला हात दिला होता.

आठ बार लावले होते. सात तोंडाकडच्या अंगाला, एक अगदी आत, कोपऱ्यात. नवऱ्यानं वाती पेटवल्या, पळत आला. भोंग्यानं हाळी दिली. आम्ही भिंतीच्या या टोकाला, तुम्ही आणि मुकादम त्या टोकाला. मधे वीस पावलं.

एक. दोन. दगडांचा पाऊस पत्र्यावर. तीन. चार. पाच. सहा. मग कोपऱ्यातला, मोठा, दात हलवणारा. आणि लगेच मागोमाग आणखी एक. पातळ. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

"आठ!" मुकादम म्हणाला. "झाले आठ. चला रे."

मीही आठच मोजले होते. सासूकडे बघितलं. तिचा एक हात जमिनीवर, दुसरा माझ्या तोंडासमोर. हाताची पाच बोटं दाखवून झाली, मग पुन्हा दोन. सात. मी हसले. भूक लागली होती, डबे उघडायचे होते. मी तिच्या कानाशी ओरडले, "आठ, म्हातारे, आठ!" आणि तिच्या हाताचं पुढचं बोट धरून उघडलं. तिनं ते मिटलं. मी पुन्हा उघडलं. ती रागावून काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, "तू बहिरी आहेस गं."

हे मी केलं. दोनदा केलं.

तिकडे नवरा मुकादमासमोर उभा होता. धुरानं काळा झालेला, घामानं ओला.

"सात झाले," नवरा म्हणाला.

"आठ. मी स्वतः मोजले."

"शेवटचा पातळ होता. तो बार नव्हता. कातळावरून आवाज परत आला असेल. खड्डा नवा आहे, तीन भिंती आहेत. उद्या सकाळी उतरू."

"उद्या? आणि त्या गाड्या काय तुझ्या दारात उभ्या करू? चौदा ड्रायव्हर सकाळपासून माझी आई-बहीण काढतायत."

"काढू दे."

"काय म्हणालास?"

"मोजणारा मी आहे. मी सांगतो, कुणी उतरायचं नाही."

मुकादमानं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांसमोर. बायका, ड्रायव्हर, क्रशरवाले, सगळे बघत होते. माझ्या नवऱ्याचं डोकं वळलं आणि परत सरळ झालं. आणि मी बघितलं, त्याचे हात काखेत गेले.

"पाच वर्षांपूर्वी असं बोलला असतास तर मी तुला घाबरलो असतो," मुकादम हसला. "आता तू आमच्यातला आहेस." आणि दुसऱ्या गालावर मारली.

तुम्ही बघत होतात. मुकादमाच्या मागे चार पावलांवर होतात. मी तुमचा चेहरा बघितला, साहेब. तुमच्या चेहऱ्यावर समाधान होतं. तुमचं प्रवचन तुमच्या डोळ्यांसमोर चालत होतं, म्हणून. मार खाणाऱ्याला काय करायचं ते तुम्ही शिकवलं होतं. मारणाऱ्याला काय शिकवलंत?

तिसऱ्या वेळी हाताऐवजी काठी वर गेली, आणि भोंगा मधे आला. "अहो मुकादम, सोडा त्याला. आठ तर आठ. मी उतरतो ना."

"ए भोंग्या, पहार घे आणि उतर खाली. सुटलेले दगड पाड आधी."

"जाऊ नकोस," नवरा म्हणाला. हात काखेतच. ते हात बाहेर काढले असते तर एका हातानं भोंग्याला धरता आलं असतं. पण ते बाहेर आले असते तर मुकादमाच्या नरड्यावर गेले असते, हे त्याला माहीत होतं. म्हणून काढले नाहीत.

"दादा, तू जेवायला बस," भोंगा म्हणाला. "माझा वाटा म्हातारीला देऊ नकोस, ती सगळा संपवते. आणि कुलूप उघडू नकोस हं."

तो उतरला. तीन-चार दगड पाडल्याचा आवाज आला. त्याचं गुणगुणणं ऐकू आलं. मग पहार कातळावर लागली.

जमीन उचलली गेली. सासूनं तळवा एकदम वर घेतला, भाजल्यासारखा, आणि माझ्याकडे बघत स्वतःचं पुढचं बोट उघडलं. आठ.

खाली काय होतं ते मी सांगणार नाही असं ठरवलं होतं. पण तुम्ही प्रवचनात "शांत निद्रा" म्हणालात, म्हणून सांगते. पहारीचं अर्धं टोक समोरच्या कातळात रुतलं होतं. एक पाय गुडघ्यापासून चपलेसकट पडला होता. छाती नव्हती. तोंड अर्धं होतं आणि उघडं होतं. नवऱ्यानं मला वर ढकललं आणि माझं घमेलं मागितलं. ज्यातून मी खडी वाहते ते. त्यानं भावाला हातानं गोळा केलं, एकेक करून, कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. तीन घमेली. तुम्ही तोवर मुकादमाच्या गाडीत बसला होतात. काच वर होती.

रविवारी आम्ही आलो. मी नको म्हणत होते. नवरा म्हणाला, "घरात बसलो तर मी काहीतरी करेन. चल." तुम्ही क्षमेवर बोललात. मग प्याला फिरला. मुकादम आमच्या बाकाशी आला. माझ्या नवऱ्यानं त्याच्याकडे बघितलं. एवढा वेळ की मागची बाई खोकली. मग त्यानं त्या हातातून प्याला घेतला आणि प्यायला. घरी येऊन मोरीत बसून ओकला. मी विचारलं, "कशाला घेतलात मग?" तोंड पुसत म्हणाला, "त्याला माफ केलं. आता पोटानंही करायला पाहिजे. पोट उशिरा ऐकतं."

असा माणूस आहे तो. तुमच्या पुस्तकी माणसांपेक्षा वेगळा.

सोमवारी दुपारी तुम्ही मुकादमाला घेऊन घरी आलात. सोबत टाइप केलेला कागद. आम्ही तुम्हाला आमची एकुलती एक खुर्ची दिली. मुकादम दारातच उभा राहिला.

"बुधवारी चौकशीला सरकारी साहेब येणार आहेत," तुम्ही म्हणालात. "उगाच गुंतागुंत नको. यावर सही कर."

नवऱ्यानं कागद माझ्याकडे दिला, कारण वाचता मला येतं. बाजाराच्या कागदांवरून, पुड्यांवरून, तुमच्या गाण्यांच्या वहीवरून मी शिकले आहे. मी मोठ्यानं वाचला. त्यात लिहिलं होतं की सुरुंगवाल्यानं आठ बार मोजले आणि खड्डा मोकळा आहे असं स्वतः सांगितलं. मयत व्यक्तीनं हलगर्जीपणा केला.

"हे खरं नाही," नवरा म्हणाला.

"खरं-खोटं वर बसलेला बघतो. तू त्याला माफ केलंस ना? मंडळीसमोर प्याला घेतलास ना?"

"केलं माफ."

"मग? माफ केल्यावर त्याच्यावर बोट ठेवायचं नसतं. भाऊ भावाला बाहेरच्या साहेबासमोर उभा करत नाही. शास्त्रात आहे ते."

नवऱ्यानं कागद माझ्या हातातून घेतला. मग म्हणाला, "साहेब, मी साधा माणूस आहे. मला एवढंच कळतं, की त्यानं काही केलंच नसेल तर मी माफ कशाचं केलं?"

तुम्ही मुकादमाकडे बघितलंत. उत्तर त्यानं दिलं. "खोली कंपनीची आहे," तो दारातून म्हणाला. "विसरू नकोस."

सासू कोपऱ्यातून सगळ्यांच्या ओठांकडे बघत होती. ती एकदम ओरडली, बहिरी माणसं ओरडतात तशी, "ह्याला बूट घालून आत कुणी घेतलं?" तुम्ही पाय मागे घेतलात. त्या चार दिवसांत मला तेवढंच हसू आलं.

मंगळवारी सकाळी मी खडीच्या ढिगावर होते. नवरा पाण्याच्या टाकीवर आंघोळ करत होता, उघडा, डोळ्यांत साबण. तिघे आले. क्रशर चालवणारा, एक ड्रायव्हर आणि मुकादमाचा पुतण्या. त्याला तसाच ओढत माझ्या ढिगाशी आणला. ओल्या अंगाला सगळी पावडर चिकटली, पांढरा पुतळा झाला त्याचा. पुतण्यानं माझ्या हातातला हातोडा हिसकावला आणि ड्रायव्हरनं माझे केस धरून मला मागे खेचलं.

"करतोस सही?"

"नाही."

त्यांनी त्याचा उजवा हात माझ्या दगडावर ठेवला. ज्या दगडावर मी रोज खडी फोडते त्यावर. पुतण्यानं हातोडा उचलला तेव्हा क्रशरवाला म्हणाला, "अंगठा सोड. अंगठा लागेल कागदाला."

करंगळी. मग तिच्या शेजारचं. मग मधलं. आवाज खडीसारखा नव्हता. ओल्या काटकीसारखा होता. नवरा ओरडला, प्रत्येक वेळी ओरडला, तो काही दगडाचा नाही. पण त्याचा डावा हात मोकळा होता. तीन फुटांवर पुतण्याचं तोंड होतं. मी त्या डाव्या हाताकडे बघत होते आणि मनातल्या मनात म्हणत होते, मार, मार, मार. तो हात हळूहळू वर गेला आणि उजव्या काखेत शिरला.

चौथ्या बोटाला मी ड्रायव्हरच्या हाताला चावले. मांस तुटेपर्यंत चावले. त्यानं केस सोडले. पुतण्यानं हातोडा खाली टेकला होता, तो मी उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर घातला. गुडघा आतल्या आत फिरला. तो खाली पडला आणि आईच्या नावानं रडायला लागला. मी पुन्हा उचलला. यावेळी डोकं.

"नको! अगं, नको!"

माझा नवरा त्या पोरट्यावर आडवा पडला होता. चिरडलेला हात बाजूला धरून, उघड्या पाठीनं त्याला झाकून. हातोडा थांबेना. तो नवऱ्याच्या खांद्यामागे बसला. लग्नाला सोळा वर्षं झाली. मी त्याला मारलेला तो पहिला फटका.

बाकीचे दोघे पळाले. पुतण्या खालून ओरडत होता, "काका, मला वाचवा." आणि माझा नवरा त्याच्या कानाशी म्हणत होता, "वाचवलंय रे. गप पड."

मी त्या दिवशी त्याच्याशी बोलले नाही. बोटांना काटक्या बांधल्या, फाटक्या लुगड्याच्या चिंध्यांनी आवळल्या, खांद्याला हळद लावली आणि बोलले नाही. शेवटी तोच म्हणाला, "तुला वाटतं मी नेभळट आहे."

"मला वाटतं तुम्ही त्या दिवशी हात काढला असता तर भोंगा आता इथं जेवत असता."

तो भिंतीकडे वळला. "मलाही तेच वाटतं," म्हणाला.

बुधवारी कंपनीच्या ऑफिसात चौकशी झाली. पंखा, टेबल, काचेचा ग्लास, चष्मेवाला साहेब. नवऱ्याचा हात बघून त्यानं विचारलं, "हे काय?" मुकादम म्हणाला, "खडीवर पडला." साहेबानं ते लिहून घेतलं.

नवऱ्यानं सांगितलं, "सात बार उडाले. मी नको म्हटलं. मुकादमानं मला मारून माझ्या भावाला उतरवलं." मुकादमानं सांगितलं, आठ. क्रशरवाल्यानं सांगितलं, आठ. त्याचा शर्ट नवा होता. मग तुमची पाळी आली. साहेबानं उठून तुम्हाला खुर्ची दिली.

"तुम्ही हजर होतात?"

"होतो."

"किती बार ऐकलेत?"

आणि तुम्ही म्हणालात, "मी प्रार्थनेत होतो. माझे डोळे मिटलेले होते."

बार डोळ्यांनी मोजत नाहीत, साहेब.

मी सासूला पुढे केलं. म्हटलं, "ह्यांचं घ्या. ह्यांनी सात मोजले होते. हातानं." साहेबानं तिच्याशी दोनदा बोलून बघितलं आणि चष्मा काढला. "ह्या बहिऱ्या आहेत."

"म्हणूनच. कानाला आवाज परत येतो. जमिनीला येत नाही."

मुकादम हसला. तेवढ्यात जेवणाची, म्हणजे बार उडायची वेळ झाली. बाहेर नवा सुरुंगवाला त्याच खड्ड्यात काम करत होता, कारण चौथ्या दिवशीच खाण सुरू झाली होती. हाळी ऐकू आली, कुणातरी दुसऱ्याच्या घशातली, बारीक. मी सासूला खाली बसवलं आणि तिचा तळवा फरशीवर ठेवला. साहेबाला म्हटलं, "मोजा. तुम्हीही मोजा." कुतूहल असेल, त्यानं मोजले. ओठ हलत होते. शेवटी परत तसाच, मोठा आणि मागोमाग पातळ.

"सात," साहेब म्हणाला.

सासूनं बोटं वर केली. सहा.

नव्या सुरुंगवाल्याला बोलावलं. टोपी हातात घेऊन तो दारात उभा राहिला. "किती लावले होते?" "सहा, साहेब. सहाही उडाले."

साहेबानं पेन उचललं. सासूकडे बघितलं. मग पेनाला टोपण लावलं. "हे बरोबर असेलही," तो हळू म्हणाला. "पण बहिऱ्या माणसाची ऐकण्याबद्दलची साक्ष मी लिहू कशी? वर मला हसतील. कुणी कान असलेला माणूस सांगणारा असेल तर बघा." आणि त्यानं तुमच्याकडे बघितलं. सगळ्यांनीच तुमच्याकडे बघितलं. तुम्ही गळ्यातला क्रूस बोटानं फिरवत होतात.

शनिवारपर्यंत थांबतो, मग अहवाल जाईल, असं तो म्हणाला. शनिवार गेला. अहवालात 'अपघात, मयताची चूक' असं आहे. खोली रिकामी करायची नोटीस पत्र्यावर चिकटवली आहे.

काल रविवार होता. तुम्ही विचारलंत, कुणाला साक्ष द्यायची आहे का. दर रविवारी कुणाचा ताप उतरलेला असतो, कुणाची शेळी सापडलेली असते. काल माझा नवरा उठला. काटक्या बांधलेला हात छातीशी धरून तो म्हणाला, "मी माझ्या भावाला मारलं. माझे हात मोकळे होते आणि मी ते काखेत ठेवले. मला वाटलं मी प्रभूचं ऐकतोय. मी स्वतःच्या रागाला भीत होतो. मारायचं नाही आणि धरायचंही नाही, असं प्रभूनं सांगितलं नव्हतं. भावाला नुसतं धरायचं होतं. मुकादमाला मी माफ केलंय. कागदावर अंगठा देणार नाही."

तुम्ही म्हणालात, "आमेन, बसा." तो बसला नाही. मी उठले. म्हटलं, "माझ्या सासूनं सात दाखवले होते. मी तिचं आठवं बोट ओढून उघडलं. तिनं मिटलं तर परत उघडलं. मला जेवायची घाई होती. आणि त्या पुतण्याचं डोकं फोडायला हातोडा उचलला होता, त्याचं मला अजून वाईट वाटत नाही. वाटावं म्हणून प्रार्थना करा." सासू मधे उभी होती. तिला काही ऐकू येत नव्हतं, पण आम्ही उठलो म्हणून ती उठली होती.

मग प्याल्याच्या टेबलाशी काच वाजली. मुकादमानं प्याला खाली ठेवला होता. त्यानं तोंड उघडलं, साहेब. मी बघितलं. पुतण्या मागच्या बाकावर काठी घेऊन बसला होता, मुकादमानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्या नवऱ्याकडे, आणि त्याचे ओठ हलले. तो बोलणार होता. तुम्ही आणखी एवढंसं थांबला असतात तर तो बोलला असता.

तुम्ही गाणं सांगितलंत. बाजाच्या पेटीवाल्याला खूण केलीत. सगळी मंडळी उभी राहिली आणि गायला लागली, आणि मुकादमानं तोंड मिटलं.

चार कडवी झाली. नंतर तुम्ही आशीर्वाद दिलात आणि मागच्या दारानं गेलात.

म्हणून हे लिहून तुमच्या दारात टाकते आहे आणि एक प्रत मंदिराच्या फळ्यावर लावते आहे. आमचं सामान हातगाडीवर बांधून झालं आहे. हातगाडी तुमच्या फाटकासमोर उभी केली आहे. नवरा म्हणतो, पाळकसाहेब वाईट नाहीत, भित्रे आहेत, आपण थांबू. मी माझं सगळ्यांसमोर सांगितलं. माझ्या नवऱ्यानं त्याचं सांगितलं. सांगून आम्ही मेलो नाही. तुमच्याही कानांना काही झालेलं नाही.

त्या गुरुवारी तुम्ही भिंतीपाशी उभे होतात. बाहेर या आणि सांगा. किती बार ऐकलेत?